सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

आजचा विषय अगदी घरगुती आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी जुनी गाडी सुरू का होत नाही, आणि ती तशी रुसली तर आपण काय पाहायचं. जुनी म्हणजे फार जुनी नाही. चोक ओढायची पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर नव्हे. मी बोलतोय ते 2000 सालाच्या आसपास रस्त्यावर आलेल्या, पहिल्या पिढीतल्या एमपीएफआय गाड्यांबद्दल. मागच्या काचेवर 'एमपीएफआय' असं मोठ्या दिमाखात लिहिलेलं असायचं बघा, त्या.

मी होसकोट्यात राहतो. बंगळूरच्या पूर्वेला, कोलारच्या रस्त्यावर. कन्नडमध्ये 'होस' म्हणजे नवा आणि 'कोटे' म्हणजे किल्ला. शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे यांच्याबरोबर हे होसकोटेही होतं, त्यामुळे मराठी माणूस इथे काही मी पहिला आलेलो नाही. आज इथे औद्योगिक वसाहत आहे, व्होल्वोच्या ट्रकचा कारखाना आहे, मोठं तळं आहे, आणि डिसेंबर-जानेवारीत त्या तळ्यावरून पहाटे धुकं येतं.

आता निफाडचे किंवा इंदूरचे कोणी ऐकत असतील तर म्हणतील, बंगळूरला कसली आलीय थंडी? बरोबर आहे. बंगळूरचं आजवरचं नोंदलेलं नीचांकी तापमान 7.8 अंश आहे, आणि तेही 13 जानेवारी 1884 चं. आमच्याकडे जानेवारीत पहाटे 13-14 अंश असतात. पण गाडीला बर्फ पडायची वाट बघावी लागत नाही. इंजिनाच्या दृष्टीने 30 अंश आणि 14 अंश यांत बराच फरक आहे, आणि गाडीत एखादी गोष्ट आधीच कडेला आलेली असेल तर तेवढ्या फरकाने ती पलीकडे जाते.

आमची गाडी 2004 ची, छोटी हॅचबॅक. कंपनीचं नाव घेत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता, वयाचा होता. वीस वर्षांत माणसाचेही गुडघे बोलायला लागतात.

झालं असं की माझे वडील तेव्हा आमच्याकडे होते. त्यांचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून तीन दिवस, सकाळी 6 ची पहिली पाळी. म्हणजे सव्वापाचला घरातून निघायचं. एके दिवशी सव्वापाचला सेल्फ मारला. खर्र-खर्र-खर्र छान फिरतोय, पण इंजिन काही पकडत नाही. दहा वेळा मारला. अकराव्यांदा भुसभुस करत एकदाची सुरू झाली. त्या दिवशी निभावलं. चार दिवसांनी सुरूच झाली नाही. बाबा स्वेटर, मफलर घालून मागच्या सीटवर बसलेले, आणि मी समोर किल्ली फिरवतोय. ते काही बोलत नव्हते, आणि त्याचंच जास्त वाटत होतं. डायलिसिसची पाळी चुकली की पुढची मिळेपर्यंत अंगात पाणी साठत जातं, दम लागतो, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको. शेवटी शेजारचे अण्णा टोमॅटोचे क्रेट भरून टेम्पो काढत होते, त्यांनी 'बन्नी, कूतकोळ्ळी' म्हणत बाबांना केबिनमध्ये घेतलं, आणि मी मागे क्रेटवर बसलो. वेळेत पोचलो. पण प्रत्येक वेळी अण्णांचा टेम्पो असेलच असं नाही.

मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मोटारी, पॅनल, सेन्सर हे रोजचं काम. तरीसुद्धा स्वतःच्या गाडीबाबत मी तेच केलं जे सगळे करतात. गॅरेजवाला म्हणाला बॅटरी, बॅटरी घातली. मग प्लग बदलले. मग तो म्हणाला पंप गेलाय, पेट्रोल पंपही बदलला. दहा-बारा हजार गेले आणि गाडी होती तिथेच. त्या गॅरेजवाल्याला मी फारसा दोष देत नाही. दुपारी अकरा वाजता गाडी त्याच्या दारात उभी राहायची, तेव्हा एका सेल्फमध्ये सुरू व्हायची. आजार सकाळचा आणि डॉक्टर दुपारचा. तो बिचारा अंदाजाने पार्ट बदलत होता आणि त्याच्या अंदाजाचे पैसे मी देत होतो.

मग एका रविवारी मी ठरवलं की आता एकही पार्ट न बदलता आधी विचार करायचा.

थंड इंजिनाला नक्की काय हवं असतं? पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. पेट्रोल हे एकच द्रव नाही. त्यात पटकन उडणारे हलके घटक असतात आणि सावकाश उडणारे जड घटक असतात. थंडीत फक्त हलके उडतात, बाकीचं पेट्रोल मॅनिफोल्डच्या आणि सिलिंडरच्या थंड भिंतींना ओलं चिकटून बसतं. त्यामुळे ठिणगीपर्यंत पुरेशी वाफ पोचवायची तर पेट्रोल नेहमीपेक्षा बरंच जास्त सोडावं लागतं. जुन्या गाडीत हे काम चोक करायचा. हवा अडवायची, म्हणजे मिश्रण आपोआप दाट होतं. आपण थंडीत चोक ओढत होतो, गाडी गरम झाली की आत ढकलत होतो. म्हणजे तापमान ओळखायचं काम ड्रायव्हर करत होता.

इंजेक्शनच्या गाडीत ते काम कोणी करायचं? सुरुवातीला यासाठी वेगळं इंजेक्टरच दिलेलं असायचं. बॉशने 1967 मध्ये डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत फोक्सवॅगन 1600 वर आणली. त्या जेट्रॉनिक घराण्यातल्या गाड्यांमध्ये नेहमीच्या इंजेक्टरांशिवाय मॅनिफोल्डवर एक जादा कोल्ड स्टार्ट इंजेक्टर असायचं. थंडीत सेल्फ मारला की ते काही सेकंद फवारा मारायचं, आणि तापमानावर चालणारा एक स्विच ते वेळेवर बंद करायचा. बॉश म्हटलं की आमच्या बंगळूरकरांना आडुगोडीची मायको आठवते, पण ते सोडा, विषयांतर होईल.

पुढे ते पाचवं इंजेक्टर गेलं. आता ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, नेहमीच्याच इंजेक्टरांना जरा जास्त वेळ उघडं ठेवतो. पण किती जास्त? हे ठरवण्यासाठी इंजिन किती थंड आहे हे त्याला कळायला हवं. ते त्याला सांगतो एकच लहानसा सेन्सर. इंजिनातल्या कूलंटमध्ये बुडालेला, बोटाच्या पेराएवढा, दोन तारांचा.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिन गरम झाल्यावर ईसीयूकडे चूक दुरुस्त करायला दुसरा साक्षीदार असतो. सायलेन्सरच्या पाइपमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, तो मिश्रण पातळ झालं की दाट झालं ते सांगत राहतो आणि ईसीयू त्याप्रमाणे सुधारत राहतो. पण ऑक्सिजन सेन्सर साधारण 300 अंशांना तापल्याशिवाय बोलत नाही. म्हणजे सकाळच्या पहिल्या मिनिटाला ईसीयू आंधळाच असतो, त्या कूलंट सेन्सरच्या शब्दावर विसंबून. सेन्सर खोटं बोलला तर दिवसभर ते झाकलं जातं आणि फक्त सकाळी उघडं पडतं. दुपारी गॅरेजमध्ये गाडी का शहाणी वागायची, त्याचं उत्तर इथे होतं.

हा सेन्सर म्हणजे थर्मिस्टर. थंड असताना रोध जास्त, गरम झाला की कमी. त्या काळातल्या बऱ्याच जपानी घराण्याच्या गाड्यांत 20 अंशांना साधारण 2.2 ते 2.7 किलोओहम, 40 ला 1.1, 60 ला 0.6 आणि 80 ला 0.3 च्या आसपास. तुमच्या गाडीचे आकडे थोडे वेगळे असतील, पण चढण-उतरण अशीच.

सोमवारी पहाटे पाचला मी बोनेट उघडलं. रात्रभर उभी गाडी, बाहेर 14 अंश. कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांना मल्टिमीटर लावला. यायला हवं होतं 3 किलोओहमच्या आसपास. आलं 600 ओहम. म्हणजे बर्फासारखं थंड इंजिन ईसीयूला सांगत होतं की मी 60 अंशांवर आहे, मला जास्त पेट्रोल नको. ईसीयूने प्रामाणिकपणे गरम इंजिनाएवढंच पेट्रोल दिलं.

तुम्ही विचाराल, मग चेक इंजिनचा दिवा का नाही लागला? कारण दिवा लागतो तार तुटली किंवा शॉर्ट झाली तर. 60 अंश हे अगदी शक्य असलेलं तापमान आहे. ईसीयूला कसं कळणार की बाहेर मी कुडकुडतोय? अर्धवट खोटं पकडणं मशीनलाही अवघड जातं. एक खूण मात्र होती आणि मी ती मनावर घेतली नव्हती. रेडिएटरचा पंखा अलीकडे जरा लवकर फिरायला लागला होता. डॅशबोर्डवरचा काटा ठीक दाखवत होता, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा, एका तारेचा, आणि ईसीयूचा वेगळा असतो. काटा बरोबर म्हणून सेन्सर बरोबर, असं समजू नका.

तरी मी लगेच सेन्सर विकत घेतला नाही. आधी तीनदा पोळलो होतो. एस. पी. रोडवरून 2.2 किलोओहमचे रेझिस्टर आणले, दोन रुपयांची वस्तू. दुसऱ्या दिवशी पहाटे सेन्सरचा कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांत रेझिस्टर खोचला. म्हणजे ईसीयूला सांगितलं, इंजिन 20 अंशांवर आहे. सेल्फ मारला. दीड सेकंदात गाडी सुरू. तो आवाज ऐकून बाबा बाल्कनीत आले आणि वरूनच विचारलं, "काय बदललंस?" म्हटलं, "काहीच नाही."

एक इशारा. तो रेझिस्टर फक्त परीक्षेपुरता. तो ठेवून गाडी चालवायची नाही. इंजिन तापलं तरी ईसीयूला 20 अंशच दिसतील, पेट्रोल वाया जाईल, आणि ज्या गाडीत पंखा ईसीयू फिरवतो तिथे तो फिरणारच नाही. हेड गॅस्केट गेलं तर दोन रुपयांची परीक्षा फार महागात पडेल.

नवा सेन्सर काही शे रुपयांना आला. लावण्याआधी स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी, त्यात सेन्सरचं टोक, शेजारी थर्मामीटर, आणि हातात मल्टिमीटर. बायको म्हणाली चहा कधी? मी म्हटलं 80 अंश होऊ दे. आकडे बरोबर उतरत गेले. आणि हो, सेन्सर काढायचा तो पूर्ण थंड इंजिनावरच. गरम कूलंट दाबाखाली असतं, चेहऱ्यावर उडतं.

आता हे ऐकून सगळ्यांनी उठून कूलंट सेन्सर बदलू नका. तीच चूक होईल जी मी बॅटरीबाबत केली. माझ्या गाडीत सेन्सर होता, तुमच्या गाडीत दुसरं काही असेल. म्हणून सुरुवात कानापासून करा.

सेल्फ जोमाने फिरतो की रडत रडत फिरतो? रडत असेल तर सेन्सर-बिन्सर विसरा. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि इंजिनातलं तेल घट्ट होतं, म्हणजे देणारा अशक्त आणि मागणारा जास्त मागतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवायला हवी. 12.2 म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी संशयित. पण त्याआधी टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुवा, आणि इंजिनापासून बॉडीला गेलेली अर्थिंगची पट्टी बघा. जुन्या गाड्यांत ती आतून गंजते. सेल्फ फिरत असताना बॅटरीची ऋण बाजू आणि इंजिनाचं लोखंड यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला, तर नव्या बॅटरीचे पैसे वाचवा आणि पट्टी बदला. तेलाचंही बघा. मॅन्युअल 10डब्ल्यू किंवा 5डब्ल्यू सांगत असताना कुणी '20डब्ल्यू-50 जाड असतं, जुन्या इंजिनाला चांगलं' म्हणून ओतलेलं असतं. सकाळी त्याचं ओझं सेल्फ उचलतो.

सेल्फ जोमात असेल तर दुसरी परीक्षा, तीही फुकट. किल्ली ऑन करा, सेल्फ मारू नका. मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गूं असा आवाज येतो, तो पंप पाइपात दाब भरतोय. बंद करा, परत ऑन. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. या युक्तीने गाडी लगेच सुरू होत असेल तर रात्रीत दाब गळतोय. पंपातली न-परत झडप गेलेली असेल, किंवा एखादा इंजेक्टर ठिबकत असेल. माझ्या गाडीत या युक्तीने काहीच फरक पडला नव्हता. ही परीक्षा मी पंप बदलण्याआधी केली असती तर पंप वाचला असता, पण असो. पेट्रोलचा पाइप स्वतः उघडायला जाऊ नका. त्यात तीन बारच्या आसपास दाब असतो आणि फवारा कुठे जाईल सांगता येत नाही. ते काम गेज असलेल्या माणसाचं.

तिसरी गोष्ट, नाक. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर सायलेन्सरपाशी पेट्रोलचा वास येतो का? भरपूर येत असेल तर पेट्रोल पोचतंय, पण जळत नाही. प्लग काढले तर ओले निघतील. ठिणगीकडे बघा. प्लगचं अंतर झिजून वाढलेलं, एचटी वायरला तडे, त्यात धुक्याचा ओलावा. काळोखात बोनेट उघडून कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या तर चोर सापडला. हात मात्र लांब ठेवा. आणि वास अजिबात नसेल, प्लग कोरडे असतील, तर पेट्रोल येत नाही किंवा कमी येतंय. माझे कोरडे होते. ते प्लग बदलताना गॅरेजमध्ये मला दिसलेही होते, पण बघणं आणि वाचणं वेगळं.

सुरू होते पण लगेच बंद पडते, रेस दिली तर टिकते, अशी तक्रार असेल तर आयडल एअर व्हॉल्व्ह. थंड इंजिनाला जादा पेट्रोलबरोबर थोडी जादा हवाही लागते, ती या वाटेने येते, आणि वर्षानुवर्षांचा कार्बन ही वाट बुजवतो. थ्रॉटल बॉडी साफ केली की बहुधा काम होतं.

आता एक प्रश्न हल्ली सगळे विचारतात. ई-20. हे इथनॉलचं पेट्रोल आमच्याच बंगळूरमध्ये 6 फेब्रुवारी 2023 रोजी, इंडिया एनर्जी वीकमध्ये जाहीर झालं, आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. त्याने सकाळचा त्रास वाढतो का? माझं मत सांगतो. इथनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, हे खरं. शुद्ध इथनॉलवर चालणाऱ्या ब्राझीलमधल्या गाड्यांना बोनेटखाली साध्या पेट्रोलची छोटी टाकी दिलेली असायची, फक्त थंडीत सुरू करण्यासाठी. पण 20 टक्क्यांत पेट्रोलचे हलके घटक पुरेसे शिल्लक असतात. खरा मुद्दा दुसरा आहे. एक किलो पेट्रोल जळायला 14.7 किलो हवा लागते, इथनॉलला 9. ई-20 साठी तो आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे 2004 च्या ईसीयूने जुन्या हिशोबाने इंधन सोडलं तर मिश्रण सात-आठ टक्के पातळ होतं, आणि सकाळी ते सुधारायला ऑक्सिजन सेन्सर जागा नसतो. धडधाकट गाडी हे पचवते. ज्या गाडीत आधीच काही कमी आहे, ती पहिल्या थंडीत बसते. म्हणून ई-20 ला शिव्या देण्याआधी गाडीतलं ते 'काही' शोधा. रबरी नळ्या मात्र जरूर तपासा, आणि गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, कारण इथनॉल ओलावा ओढतं.

सकाळी घाईत असताना काय करू नये, तेही सांगतो. सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांच्या वर नाही, मध्ये अर्धा मिनिट थांबा. अॅक्सिलरेटर पंप करू नका. कार्ब्युरेटरच्या गाडीत त्याने पेट्रोलची पिचकारी उडायची, इथे काही उपयोग नाही. फक्त फार पेट्रोल चढलंय असं वाटलं तर पेडल पूर्ण तळाला दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत ईसीयू त्या वेळी इंजेक्टर बंद ठेवतो आणि सिलिंडर कोरडे होतात. एअर फिल्टर उघडून पेट्रोल ओतणारे शूरवीर असतात, त्यांच्यापासून दूर राहा. आणि थंडी आहे म्हणून शटर बंद करून आत गाडी गरम करत बसू नका. थंड इंजिन सगळ्यात जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडतं, आणि त्याला वास नसतो.

समोरून एक प्रश्न आलाय, डिझेलला हेच लागू का? नाही. डिझेलला ठिणगीच नसते, तिथे ग्लो प्लग बघायचे, त्यांचा रिले बघायचा. तो वेगळा विषय.

दुसरा प्रश्न आहे, साधा स्कॅनर घेऊ का? घ्या, पण वीस वर्षांच्या गाडीला तो जोडला जाईलच असं नाही. जोडला गेला तर रात्रभर उभ्या गाडीत किल्ली ऑन करून दोनच आकडे बघा. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीत दोन्ही जवळजवळ सारखे हवेत. माझ्या गाडीत ते 14 आणि 60 आले असते. स्कॅनर नसेल तर तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या, आणि बोनेट उघडा ते पहाटे पाचला. अकराला उघडून काही दिसणार नाही.